वाण आणि यजमान : गोवामुक्तीच्या लेखनातले गाळलेले पात्र

गोवामुक्तीवरचे मराठी लेखन वाचताना मला एक गोष्ट वारंवार खटकत आली आहे. या लेखनात पक्ष दोनच असतात. एका बाजूला लिस्बनमध्ये बसलेला सालाझार, त्याचे गव्हर्नर, त्याचे पोलीस आणि आग्वादचा तुरुंग. दुसऱ्या बाजूला तिरंगा घेऊन निघालेला सत्याग्रही, नाहीतर पिस्तूल घेऊन निघालेला क्रांतिकारक. आत्मचरित्र असो, गौरवग्रंथ असो, की १९ डिसेंबरच्या पुरवणीतला लेख असो, मांडणी बहुधा हीच. चित्र ठळक उमटते, वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो, आणि त्यात गैर काही नाही.

पण सीमेलगतच्या गावात राहणाऱ्या वाचकाला काही साधे प्रश्न पडतात. हा क्रांतिकारक रात्री फिरंग्याच्या चौकीवर हल्ला करून पहाटे परत कोठे येत होता? त्याची जखम कोण बांधत होते? सत्याग्रह्यांची तुकडी घाटमाथ्यावर जमली, की तिला कधी वाट देणारा आणि कधी अडवणारा पोलीस कोणाचा होता? या साऱ्या प्रश्नांचे उत्तर सीमेच्या अलीकडे आहे. १९४७ पासून १९६१ पर्यंत भारताची राज्यसंस्था या कथेत सतत उभी आहे. ती कधी आसरा देते, कधी हात धरते, कधी पाठ फिरवते आणि शेवटी सैन्य घेऊन स्वतः आत जाते. इतकी मोठी भूमिका असलेले हे पात्र आपल्या लेखनात मात्र पडद्याआडून आवाज यावा तेवढेच येते. प्रस्तुत लेखात मला या गाळलेल्या पात्राविषयी लिहायचे आहे.

या पात्राला काय नाव द्यावे याचा विचार करताना मला आपलाच एक जुना शब्द सुचला : यजमान. व्यवहारात यजमान म्हणजे ज्याच्या घरी पाहुणे उतरतात तो. धर्मकार्यात यजमान म्हणजे ज्याच्यासाठी यज्ञ होतो तो. मंत्र ऋत्विज म्हणतात, धुरात डोळे त्यांचे चुरचुरतात, पण संकल्पात नाव यजमानाचे असते आणि फळही त्यालाच लागते. गोव्याच्या लढ्यात भारत सरकार या दोन्ही अर्थांनी यजमान होते. या दोन अर्थांतले अंतर हाच माझ्या मते या विषयाचा गाभा आहे.

सीमेच्या अलीकडे

प्रथम थोडा इतिहास उजळून घेऊ. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला सभाबंदी मोडली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नॅशनल काँग्रेस (गोवा) ही संघटना स्थापन झाली ती गोव्यात नव्हे, तर लोंढ्याला. कॅसलरॉकहून थोड्याच अंतरावरचे हे जंक्शन गोव्यातल्या चळवळीचे पहिले अंगण ठरले. सप्टेंबरअखेर लोहिया पुन्हा रेल्वेने घाट उतरले, तेव्हा त्यांना कुळे स्टेशनवर पकडण्यात आले. कॅसलरॉक हे अलीकडचे कस्टमचे ठाणे, कुळे हे पलीकडचे. मध्ये घाट, बोगदे आणि दूधसागर. १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज तहानंतर बांधलेल्या या मीटरगेज मार्गावरून मीठ, तांदूळ, चाकरमानी, देवीचे भक्त आणि पुढे राजद्रोह, सारे एकाच गाडीने जात-येत असे.

१९४७ मध्ये विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी आदींनी आझाद गोमंतक दल उभे केले. या दलाने शस्त्राचा मार्ग निवडला होता. नव्याने स्वतंत्र झालेला, अहिंसेचा वारसा सांगणारा देश, आणि त्याच्याच भूमीवर वावरणारे, शेजारच्या वसाहतीत हत्यार चालवणारे दल : यजमानाची अडचण येथून सुरू होते.

ही अडचण १९५४ साली सर्वांत स्पष्ट दिसली. त्या वर्षी २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा स्वयंसेवकांनी मुक्त केले. त्यात आझाद गोमंतक दलाचे लोक होते, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे होते, संगीतकार सुधीर फडके होते. भारतीय सैन्याने गोळी झाडली नाही. मात्र दमणहून कुमक नेण्यासाठी पोर्तुगिजांना भारताच्या भूमीतून जावे लागणार होते, आणि ती वाट भारताने दिली नाही. सीमेवर मुंबई राज्याचे राखीव पोलीस उभे होते. पोर्तुगिजांचा कॅप्टन फिदाल्गो आपली माणसे घेऊन ११ ऑगस्टला शरण आला तो या भारतीय पोलिसांनाच.

आता याच पंधरवड्यातली दुसरी गोष्ट पाहा. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोव्यात शिरण्यासाठी सत्याग्रही सीमेवर जमले, तेव्हा गोमंतकीयांखेरीज इतर भारतीयांना सरकारने सीमेवरच अडवले. उत्तरेला सशस्त्र स्वयंसेवकांसाठी वाट जणू आपोआप मोकळी झाली, आणि दक्षिणेला निःशस्त्र सत्याग्रह्यांपुढे अडसर पडला. सरकार तेच, महिना तोच. एखाद्या कादंबरीकाराला यापेक्षा अधिक गुंतागुंतीचे पात्र कोठे मिळणार?

१९५५ साली गोवा विमोचन सहाय्यक समितीने महाराष्ट्र ढवळून काढला. केशवराव जेधे अध्यक्ष, जयंतराव टिळक चिटणीस. १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी आत गेली. जूनमध्ये कर्नाटकातून जगन्नाथराव जोशी गेले, जुलैमध्ये मधू लिमये गेले. या काळात सरकारने दोर सैल सोडला होता. १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही पत्रादेवी, बांदा, कॅसलरॉक अशा अनेक वाटांनी शिरले. आमच्या बाजूची तुकडी रुळांवरून बोगद्याकडे गेली. पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे पडली. त्यानंतर सरकारने वकिलाती बंद केल्या, मार्मागोव्याकडे जाणारी रेल्वे थांबली, आणि सप्टेंबरमध्ये सत्याग्रहच बंद करायला लावला. दोर पुन्हा आवळला गेला.

उपमा, निकाल आणि चित्रपट

राज्यसंस्थेचे मन तिच्या भाषेत उमटते. म्हणून समीक्षकाने सरकारी शब्दांकडेही साहित्याइतकेच बारकाईने पाहावे असे मला वाटते. गोवा म्हणजे भारताच्या सुंदर चेहऱ्यावरची एक लहानशी पुळी, ही उपमा पंडित नेहरूंच्या नावावर सांगितली जाते. उपमा सुटसुटीत आहे, पण तिच्या पोटात काय दडले आहे? पुळी चेहऱ्याच्या मानाने क्षुल्लक असते. चेहरा निरोगी असला की ती आपोआप सुकते, न सुकली तर चिमटीत धरून दाबता येते. तिला स्वतःचे काही म्हणणे नसते. आग्वादच्या कोठडीत बसलेल्या माणसाला या उपमेत जागा नाही. इंग्रज गेले की पोर्तुगीज आपोआप जातील, या समजुतीवर पुढची कित्येक वर्षे धोरण चालले. त्या धोरणाचे बीज मला या एका उपमेत दिसते.

दुसरा मजकूर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा. दादरा–नगरहवेलीकडे जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगला दावा लावला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल आला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी नव्हता. आणि १९५४ च्या तणावात वाट नाकारताना भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असा त्याचा सारांश. हा निकाल मी साहित्याचा विद्यार्थी म्हणून वाचतो तेव्हा एक गंमत दिसते. त्यात भारत काही करत नाही, फक्त काही करू देत नाही. आत काय घडले ते स्थानिक उलथापालथीत आपोआप घडले, असा त्याचा सूर. प्रत्यक्षात त्या 'आपोआप'मध्ये माणसे होती. मुक्त झालेला प्रदेश पुढे सात वर्षे 'वरिष्ठ पंचायत' चालवत होती, कागदावर तो भारतात नव्हता. ११ ऑगस्ट १९६१ ला विलीनीकरण झाले, तेव्हा करारावर सही करण्यासाठी के. जी. बदलानी या भारतीय प्रशासन सेवेतल्या अधिकाऱ्याला त्या चिमुकल्या प्रदेशाचे प्रमुख व्हावे लागले. यजमानाने स्वतःच पुरोहित व्हावे, त्यातला हा प्रकार. कायद्याच्या भाषेला हे नाट्य पेलत नाही. ते पेलणे साहित्याचे काम होते, आणि ते आपण केले नाही.

तिसरा मजकूर पडद्यावरचा. ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'सात हिंदुस्तानी' १९६९ साली आला. अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट म्हणून आज तो ओळखला जातो. निरनिराळ्या प्रांतांतली, निरनिराळ्या धर्मांची माणसे गोव्यात शिरून तिरंगा फडकवण्याचे धाडस करतात. जलाल आगांनी त्यात मराठी कलावंत सखाराम शिंदे रंगवला आहे. दिग्दर्शकाचा भर राष्ट्रीय एकात्मतेवर आहे, आणि तो स्तुत्य आहे. परंतु ही माणसे ज्या सीमेवरून जातात तिच्या अलीकडच्या सरकारचे त्यांच्याविषयी काय मत आहे, हा प्रश्न चित्रपटाला महत्त्वाचा वाटत नाही. हिंदुस्थान तेथे सात माणसांच्या रूपाने आहे, दिल्लीच्या रूपाने नाही.

सतीचे वाण

आता मराठीतल्या सर्वांत महत्त्वाच्या पुस्तकाकडे येतो. मोहन रानडे यांचे 'सतीचे वाण'. रानडे मूळचे सांगलीकडचे, मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. नगरहवेलीच्या मोहिमेत होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. गोव्यातल्या तुरुंगातून त्यांना पुढे पोर्तुगालला नेले, लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात ठेवले. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ च्या जूनमध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

पेशाने मीही शिक्षक, म्हणून या पुस्तकाशी माझे नाते अधिक जवळचे आहे. खेड्यातल्या शाळेत काळ्या फळ्यापुढे उभा राहणारा तरुण रात्री चौकीवर हल्ला करायला जातो, याचे कुतूहल आणि दरारा मला अजून वाटतो. त्यांच्या त्यागाविषयी बोलण्याचा अधिकार माझा नाही. मला बोलायचे आहे ते शीर्षकाविषयी.

'सतीचे वाण' म्हणताच सावरकरांच्या कवितेची आठवण होते आणि एक संपूर्ण परंपरा डोळ्यांपुढे उभी राहते. वाण आपण होऊन हाती घ्यायचे असते. ते घेतल्यावर मागे वळून पाहायचे नसते, तक्रार करायची नसते, हिशोब मागायचा नसतो. या प्रतिमेतले तेज मान्य आहे. पण तिची एक मर्यादाही आहे : वाण घेणाऱ्याचे नाते फक्त व्रताशी असते. ज्याच्यासाठी घेतले त्याची काही जबाबदारी या प्रतिमेत उरतच नाही. क्रांतिकारकाने स्वतःविषयी असे बोलावे हे त्याच्या थोरवीला साजेसेच आहे. मात्र त्याच्याविषयी बोलणाऱ्या आपण सर्वांनी, चरित्रकारांनी, सत्कार समित्यांनी, पाठ्यपुस्तकांनी तीच प्रतिमा उचलली, तेव्हा नकळत यजमानाची सुटका केली. ज्याने स्वखुशीने वाण घेतले त्याचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न मग उद्भवतच नाही.

आणि येथेच इतिहास आपल्याला खडा लागावा तसा टोचतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक भारताच्या ताब्यात आले. मे १९६२ मध्ये ते मायदेशी परतले. ज्यांनी गोवा राखला ते आपापल्या घरी गेले. ज्याने गोवा मुक्त करायला गोळी खाल्ली तो काशियसच्या कोठडीत आणखी साडेसहा वर्षांहून अधिक काळ राहिला. डॉ. तेलो मास्कारेन्यस तर १९७० मध्ये सुटले. रानड्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे झटत होते. गाण्याला चाल लावणारा माणूस परदेशातल्या कैद्यासाठी वकिलांचे, मंत्र्यांचे उंबरे झिजवतो, यात त्याचे मोठेपण आहे. पण ही वणवण एका संगीतकाराच्या वाट्याला का यावी?

मला याचे कारण असे दिसते. १९५५ साली दिल्लीने या माणसांना आपले म्हटले नव्हते. ती आपली आहेत असे म्हणणे म्हणजे शेजारच्या प्रदेशातल्या हल्ल्यांची जबाबदारी घेणे झाले असते. पोर्तुगालच्या दृष्टीने रानडे पोर्तुगीज कायद्याने शिक्षा झालेला गुन्हेगार होता, युद्धकैदी नव्हता. ज्याला सैनिक म्हणून कधी नोंदवले नाही, त्याला युद्धकैदी म्हणून मागणार कसे? कानावर हात ठेवण्याची सोय यजमानाची होती, आणि तिची किंमत पाहुण्याने मोजली.

कॅसलरॉकच्या जंगलातला आवाज

हे सारे एका जागी पाहायचे असेल तर आमच्या कॅसलरॉकपेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये सत्याग्रह थांबला. २५ नोव्हेंबर १९५५ पासून एक आवाज गोव्यात ऐकू येऊ लागला : 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे तरुण ते गुप्त नभोवाणी केंद्र चालवत. दादरा–नगरहवेलीच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून हाती आलेली यंत्रसामग्री त्यासाठी वापरली गेली. केंद्र आधी आंबोलीच्या रानात होते, पुढे ते कॅसलरॉकच्या जंगलात आले. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये कार्यक्रम होत. गोव्यातल्या वृत्तपत्रांवर कडक तपासनीस बसलेले असताना गोव्याच्या, भारताच्या आणि आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींच्या बातम्या या आवाजातून घरोघर पोचत. पावसात, जळवांत, एकांतात सहा वर्षे हे चालले. शेवटच्या दिवसांत गव्हर्नरला शरण येण्याचे आवाहनही याच आवाजातून गेले. १९ डिसेंबरला त्या दोघांनी भारतीय विमानातून गोव्यावर घिरट्या घालत मुक्तीची घोषणा केली.

या हकिकतीवर लिहिले गेले आहे ते गौरवाच्या अंगाने. आणि गौरव यथार्थच आहे. लिबियाताईंना वयाची शंभरी ओलांडल्यावर, २०२५ साली, पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या शाळेत मी मुलांना हे सारे सांगितले. दहावीतल्या एका मुलीने लगेच विचारले, "सर, जंगलात रेडिओ होता हे पोलिसांना कळले नाही का?"

मुलीने विचारलेला हा प्रश्न आपल्या समीक्षेने कधीच विचारायला हवा होता. घरी नुसता रेडिओ ऐकायचा तरी टपाल कचेरीतून लायसन काढावे लागे, असा तो काळ. अशा देशात एक प्रक्षेपक सहा वर्षे जंगलात चालू राहतो. कॅसलरॉक म्हणजे काही निबिड अरण्यातले विसरलेले गाव नव्हते. तेथे कस्टम होते, रेल्वेचे लोक होते, पोलीस होते, आणि १९५५ नंतर तर ते नाकेबंदीचे टोक होते. हे केंद्र कोणाला ठाऊक नव्हते असे म्हणणे म्हणजे मुलांना भुलवणे. ते ठाऊक होते आणि चालू दिले गेले. ते सरकारचे नव्हते आणि सरकारच्या विरुद्धही नव्हते. मराठीत या अवस्थेला सुरेख शब्द आहे : काणाडोळा. सत्याग्रह्यासाठी डोळे वटारलेले, रेडिओसाठी डोळा कलता. निःशस्त्र मोर्चा साऱ्या जगाला दिसतो, त्यात पडलेल्या माणसाचा जाब विचारला जातो. आवाजाला मात्र पारपत्र लागत नाही. यजमानाचे गणित असे होते.

यात आणखी एक गुंता आहे, तो आपण सीमाभागातले लोकच समजू शकतो. रेल्वे थांबली तेव्हा कॅसलरॉक मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेले. आंबोली महाराष्ट्राच्या वाट्याला राहिली. म्हणजे हे एकच केंद्र आज दोन राज्यांच्या इतिहासात विभागले गेले आहे, आणि त्याचा आवाज तिसऱ्या राज्यात ऐकला गेला. परिणाम असा, की मी आजवर मराठीतून आणि कन्नडमधून जी पाठ्यपुस्तके शिकवली, त्यांत कॅसलरॉकचे नाव मला सापडले नाही. उत्तरपत्रिकेत मुले लिहितात : भारतीय सैन्याने ३६ तासांत गोवा मुक्त केला. वाक्य बरोबर आहे, मी गुण देतो. पण पंधरा वर्षांचे ३६ तास झाले, हे त्या मुलांना कोणी सांगायचे?

यजमानाची बाजू

येथवर वाचून कोणास वाटेल, की मला राज्यसंस्थेला खलनायक ठरवायचे आहे. तसे नाही. तिला वगळणे जितके सोपे तितकेच तिला दोष देणे सोपे. दोन्हींत पात्र समजून घेण्याचे कष्ट वाचतात.

नेहरूंपुढे खरे पेच होते. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सभासद होता. काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे होता. तेथे शांततेचे बोलायचे आणि गोव्यात सैन्य घालायचे, हे जमणारे नव्हते. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाला आपण जिंकले गेलो असे वाटू नये, याचीही काळजी होती. शेजारच्या लढ्याला उघड आसरा देणाऱ्या देशांचे काय होते, ते जगाने पाहिले आहे. अल्जीरियाच्या सैनिकांना आसरा देणाऱ्या ट्युनिशियाच्या साकिएत या गावावर फ्रान्सने फेब्रुवारी १९५८ मध्ये बाँब टाकले. याच पोर्तुगालने नोव्हेंबर १९७० मध्ये गिनीची राजधानी कोनाक्री हिच्यावर समुद्रातून छापा घातला, कारण शेजारच्या पोर्तुगीज वसाहतीचे स्वातंत्र्यसैनिक तेथे राहत होते. भारत आकाराने मोठा होता, म्हणून असे धाडस येथे झाले नसेल. तरीही बेळगाव किंवा कारवारवर अशी वेळ येऊ नये असे दिल्लीला वाटणे यात भ्याडपणा नव्हता.

शिवाय लढ्यातल्या सगळ्याच माणसांना यजमानाने दाराबाहेर ठेवले असेही नाही. प्रभाकर सिनारी पुढे भारतीय पोलीस सेवेत गेले. वामन सरदेसाई अंगोलात भारताचे राजदूत झाले; ज्या वसाहतीच्या बातम्या कधी त्यांच्या केंद्रावरून दिल्या गेल्या, तिच्याच स्वतंत्र राजधानीत ते देशाचे प्रतिनिधी म्हणून बसले. कालचा बंडखोर आजचा अधिकारी होतो, तेव्हा राज्य त्याच्यामुळे थोडे बदलते आणि तोही राज्यामुळे थोडा बदलतो. मराठी कादंबरीला यात किती खाद्य होते! उलट पलीकडच्या बाजूचे उदाहरणही आहे. गोव्यात छळासाठी कुप्रसिद्ध झालेला कासिमिरो मोंतेरो हा पोलीस पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांसाठी काम करत राहिला, आणि जनरल उंबेर्तु देल्गादु यांच्या १९६५ मधल्या खुनाबद्दल पोर्तुगीज न्यायालयाने १९८१ मध्ये त्याला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. राज्य आपल्या हस्तकांना कसे सांभाळते, कसे वापरते आणि कसे झटकते, हा विषय सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

लेखनाकडून अपेक्षा

मग आजच्या लेखकाने काय करावे? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, यजमानाला चेहरा द्यावा. 'सरकार' हा शब्द फार मोठा आणि पोकळ आहे. प्रत्यक्षात ते नाक्यावरचा शिपाई, कस्टमचा कारकून, रेल्वेचा स्टेशनमास्तर, जिल्ह्याचा कलेक्टर आणि दिल्लीतला सचिव असे निरनिराळे असते, आणि या साऱ्यांचे मत एक नसते. वरून अडवण्याचा हुकूम आलेला आणि समोर आपल्याच भाषेत बोलणारा तहानलेला सत्याग्रही उभा, अशा शिपायाच्या मनात काय चालले असेल? हुतात्म्याच्या कथेइतकीच ही कथाही खरी आहे.

दुसरी, सीमेवरच्या घरांना या इतिहासात जागा द्यावी. लोंढा, खानापूर, कॅसलरॉक, अनमोड, दोडामार्ग, बांदा, आंबोली या पट्ट्यात किती घरांतून भाकऱ्या भाजल्या गेल्या, किती गोठ्यांत माणसे झोपली, आणि रेल्वे थांबल्यावर किती हमालांचे हात रिकामे झाले, याचा हिशोब कोणत्याही गौरवग्रंथात नाही. या घरांतून मराठी, कोकणी आणि कन्नड मिसळून बोलली जाते. जे लिहायचे ते या तिन्ही भाषांत कान ठेवून लिहावे लागेल. शाळांनी मनावर घेतले तर आजी-आजोबांच्या आठवणी उतरवून घेण्यासाठी अजून थोडा, फारच थोडा वेळ उरला आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : वाणाची भाषा जपावी, पण तिच्या शेजारी देण्याघेण्याची भाषाही आणावी. स्वखुशीने वाण घेणाऱ्याने काही मागू नये हे त्याचे व्रत. त्याने मागितले नाही म्हणून आपण विचारू नये, हे मात्र आपले व्रत होऊ शकत नाही. मे १९६२ ते जानेवारी १९६९ या काळाविषयी एखादी चांगली मराठी कादंबरी असती, तर गोवामुक्तीचे आपले साहित्य एका पायरीने प्रौढ झाले असते असे मला प्रामाणिकपणे वाटते. तिच्यात शत्रू लिस्बनमध्ये असता आणि प्रश्न दिल्लीत, मुंबईत, पुण्यात, आपल्या घरात विचारला गेला असता.

राज्ये शेजारच्या लढ्यांना पुढेही आसरा देतील, पुढेही नाकारतील. तो राजकारणाचा भाग आहे आणि एका मुख्याध्यापकाच्या लेखाने तो बदलणार नाही. पण यज्ञ संपल्यावर ऋत्विजांना दक्षिणा देऊन, त्यांच्या पाया पडून मगच यजमानाने उठावे, अशी आपली रीत आहे. त्यासाठी होमाभोवती कोण कोण बसले होते त्यांची नावे आधी माहीत असावी लागतात. यजमान ती विसरला, तर त्याला ती वाचून दाखवणे हे लिहिणाऱ्यांचे काम आहे.